सर्व वस्तू पूर्ववत

सोमवार, दुपार
सभागृहाचं वाचनालय

दादा,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकला असशील. दचक जरा. बाबांच्या अंत्ययात्रेला तू वर्दी घालून आलास, मी चारचौघांत तोंडाला येईल ते बोलले, आणि तेव्हापासून आपण एकमेकांसाठी मेलोच. अकरा वर्षं होतील आता. मीही काही ख्यालीखुशाली विचारायला लिहीत नाहीये, तेव्हा हुरळून जाऊ नकोस.

आज सकाळी गृहमंत्र्यांनी पोलीस सुधारणा विधेयक मांडलं. हे एवढं जाडजूड बाड. प्रत हातात पडली आज आणि मतदान शुक्रवारी! मी उभी राहिले, म्हटलं, "अध्यक्ष महोदय, कुठे आग लागलीय का?" तर मंत्री बसल्या जागेवरून म्हणतात, "लागायच्या आधीच बंब आणतोय, बाई." सगळे हसले. या माणसाच्या जिभेवर लोणी आहे, नुसतं लोणी.

बाड मी इथे वाचनालयात बसून वाचलं. माझ्या पक्षातल्या कोणी वाचलं असेल असं वाटत नाही. त्यात एक कलम आहे, 'शांत पाहणी'. घरात कोणी नसताना पोलिसांनी आत शिरावं, हवं ते बघावं. वरच्या साहेबाचा तोंडी हुकूम पुरे. घरमालकाला आधी सांगायचं नाही, नंतरही सांगायचं नाही. आणि शेवटचं वाक्य असं: 'पाहणीनंतर सर्व वस्तू पूर्ववत ठेवण्यात याव्यात.'

ते मी पुन्हा वाचलं. दादा, हे वाक्य तुझं आहे. बिस्किटांचा डबा अर्धा करून वरचा कागद तू असा लावून ठेवायचास की आईला आठवडाभर पत्ता लागायचा नाही, आणि लागला की मार मी खायचे. वर मलाच शिकवायचास, "सगळं पूर्ववत ठेवलं की चोरी झालेलीच नसते, कटकट." पोलीस प्रशिक्षण शाळेत नव्या पोरांना तू झडतीच शिकवतोस हे मला ठाऊक आहे. निशाणी न ठेवता घर कसं चाळायचं, हा तुझाच तास ना?

त्या कलमाला खाली एक शेपूट आहे. याआधी 'चांगल्या हेतूने' ज्या पाहण्या झाल्या, त्याही याच कायद्याखाली झाल्या असं धरायचं. म्हणजे जुनी सगळी दारं बंद. म्हणजे मास्तर.

मास्तर कोण ते तुला माहीत असेल, नसेल तर ऐक. माझ्या मतदारसंघातले निवृत्त शिक्षक. पोलिसांवर पेपरात पत्रं लिहायचे, एकटे राहायचे. एका सकाळी खुर्चीत सापडले. पाय शेजारी शेजारी, मांडीवर पेपर, डोळ्यांवर चष्मा. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. लेक धावत आली, बघितलं आणि किंचाळली. चष्मा तिच्या आईचा होता. आई जाऊन कित्येक वर्षं झाली, चष्मा कपाटाच्या खणात असायचा. कोणीतरी घर चाळत होतं, मास्तर अवेळी परतले, काहीतरी झालं, आणि मग सगळं होतं तसं ठेवलं गेलं. मास्तरांनासुद्धा.

हे कलम शेपटासकट मंजूर झालं की मास्तरांची चौकशी संपली. माझ्याकडे त्या चष्म्याखेरीज काही नाही. बोलायला एक माणूस तयार नाही.

तेव्हा एकच विचारते. हे तू लिहिलंस का? हो की नाही, एका ओळीत कळव.

आई बरी आहे. मावशीकडे असते. तुझं नाव काढत नाही, पण जिन्यात पावलं वाजली की आधी दाराकडे बघते आणि मग माझ्याकडे.

कटकट


मंगळवार, सकाळ
घर

दादा,

कालचं पत्र अजून तुझ्याकडे पोचलं नसेल आणि हे दुसरं. म्हणशील, अकरा वर्षांचं एकदम काढतेय. तसं समज.

काल घरी आले. कुलूप जागच्या जागी, खिडक्या बंद. आत पाऊल टाकलं आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते कळेना. चप्पल काढली, पिशवी ठेवली, दिवे लावले. मग लक्षात आलं, घर गप्प होतं. स्वयंपाकघरातला नळ वर्षभर गळतोय. प्लंबर 'उद्या येतो' म्हणून गेलाय तो गेलाच. त्या टिपटिपीची मला इतकी सवय झाली होती की ती थांबल्यावर कानात दडे बसल्यासारखं झालं. नळ कोणीतरी घट्ट बंद केला होता. मला जमत नाही इतका घट्ट.

मांजर पायात आलं नाही. एरवी मी दार उघडायच्या आत ओरडून गल्ली गोळा करतं. काल ते गादीवर पसरलं होतं, पोट टम्म. वाटीत दूध ओतलं तर नुसतं हुंगून निघून गेलं. आणि मी जुने पेपर कसे टाकते तुला आठवत असेल, कोपऱ्यात भिरकावते. ते एकावर एक, कडा जुळवून ठेवलेले.

ड्रायव्हरकाकांना बोलावून दाखवलं. त्यांनी सगळीकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, भूत असेल तर चांगल्या घरचं आहे. आमच्याकडे पाठवा, छपराचं पण काम आहे." हसलो आम्ही. पण ते जिना उतरले तेव्हा मी दाराला आतून खुर्ची लावली.

पोलिसांत तक्रार करू? काय सांगू, "साहेब, माझा नळ गळत नाहीये"?

रागावू नकोस, पण मला तुझीच आठवण आली. आपल्या घरातही कधीकधी सगळं असं नको इतकं नीट असायचं, आणि आईचा चेहरा पांढरा असायचा. मी फार लहान होते, मला कारण कोणी सांगितलं नाही. तुला माहीत होतं का?

आज विधेयक प्रवर समितीकडे पाठवा अशी मागणी करणार आहे, म्हणजे निदान महिनाभर तरी कोणीतरी ते वाचेल. अध्यक्ष नाही म्हणणार. पण उद्या दुपारी मला बोलायला वेळ मिळालाय, आणि बोलायला लागले की मी काय असते ते तू जाणतोस.

निघताना नळ थोडा सैल करून ठेवते. टिपटिप असली की बरं वाटतं.

कटकट


बुधवार, दुपार
लॉबी

दादा!

आजचा दिवस माझा! घाईत लिहितेय, म्हणून अक्षर असं येतंय.

काल संध्याकाळी पुन्हा तेच. टिपटिप बंद, मांजर तुडुंब. पण या खेपेला तुझ्या पोरांनी माती खाल्ली. स्वयंपाकघरातली खुर्ची! टेबलाला लावून ठेवलेली खुर्ची कोणीतरी फिरवून ठेवली होती. टेबलाकडे पाठ, खिडकीकडे तोंड. जणू कोणी तिथे निवांत बसून खालच्या गल्लीत बघत होतं. खरं सांगते, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी दारातच थिजले. रिकामी खुर्ची आणि समोर काळी काच. जवळ जायचा धीर होईना. मग हळूहळू राग चढला, आणि राग चढला की मला भीती वाटत नाही, हे माझं लहानपणापासूनच आहे.

आज सभागृहात मी ती खुर्चीच मांडली. म्हटलं, "अध्यक्ष महोदय, हा कायदा अजून झालेला नाही, पण त्याची अंमलबजावणी माझ्या स्वयंपाकघरात सुरू झालीय!" नळ सांगितला, मांजर सांगितलं. सत्ताधारी बाकांवर खसखस पिकली. मग खुर्ची सांगितली, तोंड कुठे, पाठ कुठे, सगळं. "पूर्ववत ठेवू म्हणतात! यांना एक खुर्ची जागेवर ठेवता येत नाही, आणि हे देशाची घरं चाळायला निघालेत!"

आमचे बाक दणादण वाजले. मागून त्यांच्यातला एक ओरडला, "विरोधकांची खुर्ची कोणाला फिरवावी लागत नाही, बाई, ती मुळात नाहीच!" त्यावर मंत्रीही हसले, मीही हसले. चांगला होता टोला, नाही कशाला म्हणू? पण प्रेस गॅलरीतले सगळे खाली मान घालून लिहीत होते. संध्याकाळच्या पेपरात पहिल्या पानावर येणार. सभागृहात बोललेल्या शब्दासाठी मला कोणी हात लावू शकत नाही. तुला वाईट वाटेल, पण कळव तुझ्या विद्यार्थ्यांना, बाईंनी सगळ्यांना नापास केलंय.

आईचा फोन येतोय. ती बघ, तिलाही कळलं वाटतं. पत्र इथल्याच पेटीत टाकते.

कटकट


गुरुवार, दुपार
गाडीत

दादा,

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. म्हणून आता खरं लिहिते.

काल आई फोनवर एवढंच म्हणाली, "माझा गुडघा दुखतोय." आपल्या घरचा नियम तुला ठाऊकच आहे. फोनवर फक्त तब्येत बोलायची, आणि गुडघा म्हणजे हातातलं टाकून ये. बाबांच्या वेळचा नियम, अजून तिनं मोडलेला नाही. मी गेले. मावशी मटार सोलत होती. आई खिडकीशी, मांडीवर पेपर. मी हसत हसत आत शिरले, शाबासकी घ्यायला.

तिनं विचारलं, "खुर्चीचं तोंड कुठे होतं?"

"खिडकीकडे. छापलंय की."

"आणि ते तू जगाला सांगून बसलीस."

"अगं, पुरावा आहे तो!"

"पुरावा म्हणे! तुझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच." आणि ती रडायला लागली. बाबा गेले तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती. मावशीनं मटार बाजूला ठेवले आणि मला म्हणाली, "बस. तुला कधी सांगितलंच नाही कोणी."

मग सांगितलं. संपाचे दिवस. बाबांवर वॉरंट. ते कुठेकुठे राहायचे आणि जमेल तेव्हा मागच्या गल्लीतून घरी यायचे. पोलीस आधीच येऊन घरात बसलेले असायचे. सगळं आवरून, बाहेरून काही दिसू नये असं नीट ठेवून, आईला स्टोव्हपाशी उभं करून वाट बघायचे. मी जेमतेम चार वर्षांची. तू दहा वर्षांचा. तू खेळता खेळता खुर्ची ओढायचास, खिडकीकडे तोंड करून ठेवायचास आणि तिच्यावर गुडघे टेकून तोंडानं गाडीचा आवाज काढायचास. पोलिसांना वाटायचं, पोर खेळतंय. बाबा गल्लीतून वर बघायचे आणि तसेच पुढे चालायला लागायचे. खुर्ची टेबलाला असली तर घरी यायचं. खिडकीकडे असली तर आत माणसं आहेत, येऊ नकोस.

"एकदाही चुकला नाही माझा पोरगा," आई म्हणाली.

मी विचारलं, "मग हाच पोरगा पोलिसात कसा गेला?"

तिनं डोळे पुसले. "ते लोक तासन्‌तास बसायचे. त्याच्याशी पत्ते खेळायचे. बाबांना वेळ होता कधी?"

दादा, माझ्या घरात तू आला होतास. त्यांनी तुलाच आणलं, कारण त्या कामात तुझ्यासारखं कोणी नाही. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तू खुर्ची फिरवलीस. मी त्याला चूक म्हणाले. माइकवर म्हणाले.

आता दुसरं. सोमवारी मी तुला खोटं लिहिलं. बोलायला एक माणूस तयार होतं. एक मुलगी, पोलीस शिपाई, तुझ्याच शाळेतली. मास्तरांच्या घरात ती होती. घाईत खणातला चष्मा काढून मास्तरांना तिनंच घातला. तेव्हापासून तिला कुठलाही चष्मा बघवत नाही, स्वतःच्या बापाचासुद्धा. काल संध्याकाळी ती माझ्या घरी यायची होती, शुक्रवारपर्यंत लपून राहायला. मला आणि ड्रायव्हरकाकांनाच माहीत, असं मी समजत होते; त्यांना आधीच कळलं होतं. तुझा निरोप तेवढ्यासाठी होता: तिला इथे आणू नकोस.

मावशीच्या दारातूनच मी काकांना दुसरीकडे पाठवलं. मुलगी सुखरूप आहे. कुठे ते इथेही लिहीत नाही.

मग मी एकटी घरी गेले. नळ गप्प. मांजर पोट वर करून झोपलेलं. कुठे काही हललेलं नाही. सोफ्यावर बसायला गेले आणि उठलेच. उशी कोमट होती. पलीकडच्या खुर्चीची गादीही कोमट. ते दिवसभर माझ्या घरात बसून होते, दादा, आणि मी कुलूप उघडायच्या जरा आधी निघून गेले. मुलगी आली असती तर उठायचीही तसदी पडली नसती.

आज सकाळी तुझ्या क्वार्टरवर गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. फाटकावरचा शिपाई म्हणाला, "सर रजेवर आहेत." कधीपासून? "रजेवर आहेत." दुसरं वाक्य त्याला येत नव्हतं. मी मागच्या बाजूनं वळसा घातला. वाळत घातलेले कपडे, भिंतीला टेकवलेली सायकल, तुझ्या स्वयंपाकघराची खिडकी. दार नुसतं लोटलेलं होतं. हात लावला असता तर उघडलं असतं. मी हात पुढेही केला होता.

आणि खिडकीतून खुर्ची दिसली. तिचं तोंड माझ्याकडे होतं.

आत काही हललं नाही. पण मी तशीच पुढे चालत राहिले, बाबा जायचे तशी, मागे न बघता. गाडीत काका म्हणाले, "ताई, भेटले का भाऊ?" मी हो म्हणाले.

म्हणजे तुला निघायला वेळ मिळाला. निघता निघता तू माझा विचार केलास. मी मात्र तुला सगळ्या देशासमोर उघडं पाडलं. त्या दिवशी घरात तुझ्याबरोबर कोण कोण होतं, खुर्चीला हात कोणी लावला, हे त्यांना विचारावंही लागलं नसेल. पेपर उघडला की झालं.

आणि बुधवारचं पत्र तर मी टाकूनही बसले. 'नापास' म्हणून! कुठल्या टेबलावर उघडलं असेल ते?


शुक्रवार, संध्याकाळ
घर

दादा,

विधेयक मंजूर झालं. आवाजी मतदानात 'हो' मोठा आला. मी मतविभागणी मागितली. दारं बंद झाली, डोकी मोजली, हरलो. पण शेपूट तुटलं. त्या मुलीचं निवेदन मी अथपासून इतिपर्यंत वाचलं, आणि वाचत असताना ती वर प्रेक्षक सज्जात बसली होती, सगळ्यांना दिसेल अशी. मास्तरांची लेक तिच्या शेजारी. एकमेकींकडे बघत नव्हत्या, पण शेजारी होत्या. सरकारच्याच मित्रपक्षांची चुळबुळ सुरू झाली. अर्ध्या तासानं मंत्री उठले आणि ते पोटकलम मागे घेत असल्याचं सांगितलं, तेसुद्धा मेहरबानी केल्यासारखं. मास्तरांची चौकशी चालू राहील. उरलेलं कलम मात्र आता कायदा आहे.

घरी आले तर दारात दोघे उभे. साध्या कपड्यांत, अतिशय सभ्य. त्यातल्या थोराड माणसानं बूट पायपुसण्याला नीट पुसले. "आत आलो तर चालेल ना, मॅडम?" विचारून आलेले हे पहिलेच.

"तुमचे बंधू कामावर आले नाहीत. आम्हाला काळजी वाटते. इकडे आले तर कळवाल?"

"अकरा वर्षं आले नाहीत. आता कशाला येतील?"

"रक्ताचं नातं असतं, मॅडम. माणूस शेवटी घरीच येतो."

त्याला तहान लागली होती. मी पाणी आणायला गेले तर मागोमाग स्वयंपाकघरात आला. खुर्ची तू ठेवलीस तशीच होती. मी तिला हात लावलेला नाही, जेवतेही उभ्यानं. त्यानं तिच्याकडे बघितलं. "हीच का ती? प्रसिद्ध खुर्ची?" मग म्हणाला, "बसू?" आणि बसला. पाणी हळूहळू प्यायला, खिडकीतून खालच्या गल्लीकडे बघत. जणू हिशेब लावत होता, तिकडून येणाऱ्याला इथलं काय काय दिसेल. पेला ठेवताना म्हणाला, "सरळ का करत नाही? वावरताना पायात येत असेल."

"मला अशीच आवडते."

"आवड असते एकेकाची," तो म्हणाला. मांजर त्याच्या पायाला अंग घासत होतं. ओळखीच्या माणसाला घासतं तसं.

ते दोघे गेल्यावर मी त्या मांजराला शिव्या घातल्या, मोठ्यानं, घर दणाणेपर्यंत. मग रडू आलं. दादा, कुठे आहेस रे तू? जेवलास का? कोणाकडे झोपतोस? बाबांना निदान गल्लीगल्लीत माणसं होती. तुला कोण आहे? वर्दीतल्यांना तू नकोस आणि आमच्यातल्यांना तू कधीच नको होतास.


मंगळवार, संध्याकाळ
घर

दादा,

काल घरी आले आणि खुर्ची सरळ होती.

टेबलाला व्यवस्थित लावलेली, चारही पाय फरशीच्या रेषेत. नळ गप्प. मांजर तृप्त. सगळं पूर्ववत.

एक क्षण, फक्त एक क्षण, मला वाटलं तूच आलास. मी चक्क हाक मारली, "दादा?" आतल्या खोलीत जाऊन बघितलं. पलंगाखालीसुद्धा बघितलं, आपण लपायचो तसं. हाकेचा आवाज घरात विचित्र वाटला. मग समजलं. तू कशाला सरळ करशील? त्यांना कोडं सुटलं होतं. फिरवलेली खुर्ची म्हणजे येऊ नकोस, तर सरळ खुर्ची म्हणजे ये. आता ते तुझ्यासाठी माझ्या घरातून 'ये' म्हणत होते. आणि तू रात्रीबेरात्री गल्लीतून जाशील, वर बघशील, आणि थकलेला असशील. थकलेलं माणूस येतंच.

मी ती परत फिरवली. पण त्यानं काय होणार? मी दिवसभर सभागृहात. मी जिना उतरले की ते सरळ करणार. खुर्चीवर भरवसा ठेवायची सोयच त्यांनी ठेवली नाही. ती बोलते की ते तिच्या तोंडून बोलतात, हे गल्लीतून कसं कळणार? तुला गाठायचं तरी कुठे? पत्ता नाही. फोन करणार तर गुडघ्याचं दुखणं आता त्यांनाही कळत असेल.

रात्रीच मावशीकडे गेले. तिला म्हटलं, उद्या सभागृहात ओरडून सांगते, "दादा, येऊ नकोस!" मावशी म्हणाली, "आणि अध्यक्ष ते कामकाजातून काढून टाकतील, मग पेपरवाले छापणार काय, तुझं कपाळ?" खरंच होतं. माझे शब्द ते पुसू शकतात. मग खिडकीशी बसलेली आई म्हणाली, "त्यांचे पुसतात का?"

आज प्रश्नोत्तराच्या तासाला मी उभी राहिले. तुरुंगातल्या बराकींच्या डागडुजीवर साधा प्रश्न. मुद्दाम रेंगाळले, मुद्दाम अडखळले. खुर्चीचा विषय निघाल्याशिवाय त्यांना माझी चेष्टा करता येत नाही, हे आठवडाभर बघतेय. आणि मंत्री आलेच. कोट सावरत उठले, गालात हसत म्हणाले, "डागडुजीचं बघू, पण आधी सभागृहाला काळजी आहे ते सांगा. बाई, आज आपल्या खुर्चीचं तोंड कुणीकडे?"

सगळे हसले. आमचेही हसले. मी हसू ओसरायची वाट बघितली.

"खिडकीकडे, मंत्रिमहोदय," मी म्हणाले. "आता कायमचं खिडकीकडे. घरी कोणी सरळ केलेली दिसली तरी ती खोटी समजावी."

परत हशा. कोणीतरी बाक वाजवले. मंत्रीही हसत खाली बसले. पण बसल्यावर त्यांचं हसू एकदम गेलं, आणि ते अध्यक्षांकडे बघायला लागले. उशीर झाला होता. प्रश्न त्यांचाच होता, विनोद त्यांचाच. स्वतःचा विनोद कोण काढून टाकायला सांगणार? प्रेस गॅलरीत लेखण्या चालू होत्या. संध्याकाळच्या पेपरात पहिल्या पानावर चौकट आहे, मंत्र्यांच्या फोटोसकट. रेडिओवरही झालं. जिथे असशील तिथे कोणीतरी हसत हसत तुला वाचून दाखवेल.

हेही पत्र मी टाकणार नाही. तुला सांगायचं होतं ते सांगून झालं.

दादा, अकरा वर्षं माझ्या मनात एकच शब्द होता. जिन्यात पावलं वाजली की आई दाराकडे बघायची, आणि मी तोंड फिरवायचे, पण तो शब्द माझ्याही ओठांवर असायचा: ये. रागानं म्हणाले नाही, मानानं म्हणाले नाही. आता गळ्याशी आलाय तेव्हा सगळ्या देशासमोर उलटा बोलून बसले. येऊ नकोस. कितीही दमलास तरी, मी खिडकीत दिसले तरी, येऊ नकोस.

आत्ता दार उघडलं तर मांजर ओरडत पायात आलं. वाटी रिकामी. दूध ओतलं तर सगळं संपवलं, आणखी मागितलं. नळ गळतोय.

आज कोणी आलं नव्हतं.

तुझी
कटकट